आजोबांचा 'होरा' आणि माझा फसलेला फॉरवर्ड

मंडळी, आधी एक कबुली देते. 'इंग्रजीतला अवर हा शब्द आपल्या अहोरात्रवरून आला' असा एक मेसेज आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरत असतो बघा. तो मीही पुढे पाठवलाय. नुसता पाठवला नाही, लेकीला अगदी कौतुकाने समजावूनही सांगितला.

झालं असं. रविवारी सकाळी (म्हणजे आमच्या इंग्लंडातल्या सकाळी) मिरजेला बाबांना व्हिडिओ कॉल असतो. मागच्या महिन्यात बाबा म्हणाले, "माझा होरा असा आहे की यंदा पाऊस उशिरा येणार." लेक तेरा वर्षांची. तिचे कान टवकारले. "आजोबा, होरा म्हणजे अवर का?" बाबा हसले, म्हणाले, "अगं, होरा म्हणजे आपला अंदाज, मनाचा कौल." फोन ठेवल्यावर मी माझं ज्ञान पाजळलं. म्हटलं, बरोबर ओळखलंस, अवर आपल्याकडूनच गेलाय. अहोरात्र या शब्दातलं पहिलं 'अ' आणि शेवटचं 'त्र' काढ, काय उरतं? होरा!

दोन दिवसांनी ती शब्दकोश उघडून माझ्यासमोर उभी. "आई, हा शब्द ग्रीक आहे. ग्रीकमधून लॅटिन, मग फ्रेंच, मग इंग्रजी." आणि त्यानंतरचं वाक्य मला लागलं. "मग तू मराठीबद्दल बाकी जे सांगतेस, तेही असंच असतं का?"

तुम्हीही इथे मुलांना मराठी टिकवायला शिकवत असाल, तर हा प्रश्न किती जड आहे ते मी सांगायला नको. आपल्याकडे इथे ना शाळा, ना शेजार. मुलांचा विश्वास एवढंच भांडवल. म्हणून नीट वाचायला बसले. जे हाती लागलं ते फॉरवर्डपेक्षा कितीतरी मजेदार आहे, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

पहिली गंमत म्हणजे तो फॉरवर्ड निदान दीड हजार वर्षं जुना आहे! सहाव्या शतकात उज्जैनकडे वराहमिहिर होऊन गेला. त्याच्या 'बृहज्जातक' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच हे येतं की अहोरात्र शब्दाचं पुढचं आणि मागचं अक्षर गाळून होरा झाला, असं काही जण मानतात. 'काही जण मानतात' हे शब्द बघा. वराहमिहिर सावध होता, मी नव्हते.

आणि सावध असायला त्याला कारण होतं. त्याच्या त्याच ग्रंथात राशींना मेष, वृषभ, मिथुन यांच्या जोडीने क्रिय, ताबुरि, जितुम अशीही नावं येतात. ती सरळसरळ ग्रीक 'क्रिओस', 'टाउरोस', 'डिडिमोस' आहेत. कुंडलीतलं सातवं घर, लग्नाचं, त्याला जामित्र म्हणतात. ते ग्रीक 'डायामेट्रॉन', म्हणजे मुलांच्या गणितातला डायमीटर. पहिल्या घराच्या बरोबर समोरचं घर म्हणून. आणि 'केंद्र'? तेही ग्रीक 'केंट्रॉन'. इंग्रजी सेंटर त्याच घरचा. परीक्षा केंद्र, केंद्र सरकार, आरोग्य केंद्र, सगळीकडे आपण तो शब्द इतका आपला करून टाकलाय की संस्कृत नाही म्हटलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

हे सगळं चोरूनमारून आलेलं नाही. 'यवनजातक' नावाचा संस्कृत ग्रंथच आहे, म्हणजे यवनांची, ग्रीकांची जातकविद्या. आणि वराहमिहिर 'बृहत्संहिते'त उघड सांगतो की यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे चांगलं रुजलेलं आहे, म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो. दीड हजार वर्षांपूर्वी एक माणूस इतक्या मोकळेपणाने उधारी मान्य करतो, आणि आपण ग्रुपवर भांडत बसतो.

आता होरा म्हणजे नेमकं काय. आपल्याकडे दिवस मोजायची जुनी पद्धत घटकांची. दिवसरात्र मिळून ६० घटका, एक घटका २४ मिनिटांची. 'घटकाभर टेक जरा' आपण अजून म्हणतो. दिवसाचे २४ भाग करणं ही बाहेरून आलेली रीत, आणि त्यातला एक भाग म्हणजे होरा. (राशीच्या अर्ध्या भागालाही होरा म्हणतात, पण ते राहू दे.)

या २४ होऱ्यांमध्ये एक कोडं लपलंय. हे मुलांबरोबर कागद घेऊन कराच, दहा मिनिटांचं काम आहे. आठवड्याचे वार याच क्रमाने का? रवीनंतर सोम का, शुक्र का नाही?

जुन्या लोकांनी ग्रह त्यांच्या गतीप्रमाणे लावले होते, सगळ्यात संथ आधी: शनि, गुरू, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र. प्रत्येक होऱ्याचा एक मालक, याच क्रमाने, आणि यादी संपली की परत पहिल्यापासून. दिवसाच्या पहिल्या होऱ्याचा जो मालक, त्याचं नाव त्या दिवसाला. रविवारी पहिला होरा रवीचा. सातांची फेरी तीनदा झाली की २१ संपले. मग २२वा पुन्हा रवि, २३वा शुक्र, २४वा बुध. दिवस संपला. उद्याचा पहिला होरा चंद्राचा, म्हणून सोमवार. तिथून तसंच मोजा, मंगळवार येतो. मग बुध, गुरू, शुक्र, शनि. सगळा आठवडा आपोआप उलगडतो. माझ्या लेकीने हे केलं आणि तिच्या तोंडून 'ओ वाव' निघालं, जे हल्ली दुर्मीळ आहे.

म्हणूनच आपला रविवार आणि इंग्रजांचा संडे एकाच दिवशी येतो, सोमवार आणि मंडेही. फ्रेंच शिकणारी मुलं असतील तर त्यांना 'मार्दी'मधला मार्स, म्हणजे मंगळ, शोधायला सांगा. दोन्हीकडच्या वारांचं मूळ एकच आहे. आणि आपल्याकडे ही वारांची पद्धत फार प्राचीन नाही. वेदांत हे सात वार नाहीत. वाराचा उल्लेख असलेला कालनिर्देश मध्य प्रदेशात सागरजवळ एरण इथे गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातल्या स्तंभलेखात सापडतो, इसवी सन ४८४चा. दिवस कोणता? सुरगुरूचा, म्हणजे गुरुवार. अशा उल्लेखांमधला तो अगदी सुरुवातीचा मानतात.

मग एक तास या अर्थाचा शब्द बाबांच्या बोलण्यात 'मनाचा कौल' कसा झाला? मधली पायरी ज्योतिषाची. जन्माचा होरा बघून भविष्य सांगायचं, म्हणून त्या विद्येच्या एका शाखेचंच नाव होरा पडलं. वराहमिहिराच्या काळी ज्योतिषाच्या तीन शाखा होत्या, त्यातली ही एक. आपल्याकडे ज्योतिष्यांच्या नावामागे 'होराभूषण' अशी पदवी दिसायची, आठवतं? तिथून शब्द ओसरीवर आला आणि कुंडली मागेच राहिली. बाबांचा पत्रिकेवर काडीचा विश्वास नाही, पण 'माझा होरा चुकला' हे ते बिनदिक्कत म्हणतात.

लेकीचा पुढचा प्रश्न होता, 'प्रेडिक्शन'ला मग मराठीत एक शब्द कोणता? एक नाहीच. सांगणारा कोण त्यावर ठरतं. हवामान खातं अंदाज वर्तवतं. बुलडाण्यात भेंडवळच्या घटमांडणीतून पिकापाण्याचं भाकीत होतं. कोल्हापूरकडे पट्टणकोडोलीच्या यात्रेत भाकणूक होते. भाकीत आणि भाकणूक दोन्ही 'भाकणे'मधले, म्हणजे बोलणे. करुणा भाकतो तोच. तिथे बोललेल्या शब्दाला वजन आहे. अंदाजात मोजमाप आहे, म्हणून बजेटला अंदाजपत्रक म्हणतात, भाकीतपत्रक नाही. आणि होरा घरातल्या माणसाचा. चुकला तर कोणी जाब विचारत नाही.

असा फरक इंग्लंडातही करावा लागला होता. ऑगस्ट १८६१मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हवामानाचे अंदाज छापून यायला लागले. ते देणारा रॉबर्ट फिट्झरॉय, डार्विनला घेऊन गेलेल्या बीगल जहाजाचा कप्तान. त्याने 'फोरकास्ट' हा शब्द मुद्दाम निवडला आणि बजावून सांगितलं की ही भाकितं नव्हेत, हिशेब मांडून बनवलेलं मत आहे. आणि बघा, त्यातल्या 'कास्ट'चा मूळ अर्थ फेकणे. आपला अंदाज फारसीतून आलेला, त्याच्या मुळाशी 'अंदाख्तन', म्हणजेही फेकणेच! म्हणून तर तोफखान्यात गोळे फेकणारा गोलंदाज, आणि आता क्रिकेटमधला. माझ्या धाकट्याला हे सांगितल्यापासून तो बोलिंग टाकताना 'अंदाज' असं ओरडतो.

लेकीला मी सांगितलं की माझं चुकलं. शब्द आपल्याकडून गेला नाही, आपल्याकडे आला. त्यांच्याकडे तो घड्याळात राहिला, आपल्याकडे माणसांच्या मनात जाऊन बसला. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे अवर आणि होरा कझिन्स आहेत." हो, मावसभावंडं म्हण हवं तर.

पुढच्या रविवारी तिने हे सगळं आजोबांना ऐकवलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे केंद्र सरकारसुद्धा ग्रीक?" मग पावसाची चौकशी झाली. आला म्हणे, वेळेवर.

"आजोबा, तुमचा होरा चुकला," ती म्हणाली. मी तिला पढवलेलं नव्हतं.