मामाचे अनेकवचन

गडचिरोलीकडे, चामोर्शीतल्या लग्नाच्या मांडवात नवरीचे चार मामा उभे असले तरी त्यांचे 'मामे' होत नाहीत. भाचे मात्र होतात, मेव्हणेही होतात. शेवट सगळ्यांचा 'आ'च. मग हा पंक्तिप्रपंच कशासाठी?

'भाचा', 'मेव्हणा', 'चुलता' हे सांगायचे शब्द. कोण कोणाचा लागतो ते तिसऱ्याला कळावे म्हणून. ते घोड्याच्या वाटेने गेले. संस्कृत 'घोटक'चा प्राकृतात 'घोडओ' झाला, मराठीत 'घोडा', आणि अनेक असले की 'घोडे'. मामा, काका, दादा हे पडले हाकेचे शब्द, बोबड्या तोंडी एकच अक्षर दोनदा येऊन झालेले. त्यांना प्रत्ययानेही धक्का लागत नाही: 'भाच्याने' म्हणतो, पण 'माम्याने' कोणी म्हणत नाही. एकाच माणसावर पारख करायची तर सासरा घ्या. सांगताना दोघांचे 'सासरे' होतात. पण इकडची सून हाक मारते ती 'मामाजी', आणि तो शब्द जागचा हलत नाही.

बायकांच्या बहुतेक शब्दांना ही सूट नाही. हाकेच्या असूनही मावशीच्या मावश्या होतात, वहिनीच्या वहिन्या. सासूचे वळण तर फार जुने. संस्कृत 'श्वश्रू', प्राकृत 'सासू', तिचे अनेकवचन 'सासूओ'. पुढच्या स्वराने 'ऊ'चा 'व' केला आणि मराठीत 'सासवा' आल्या. जाऊच्या जावाही तशाच. याच पंगतीला आणखी बसतात त्या उवा, पिसवा आणि जळवा. व्याकरणकारांचा यात हात नाही, एवढे त्यांच्या बाजूने सांगायला हवे.

न हलणाऱ्या 'दादा'चे अनेकवचन हवेच असेल, तर 'लोक' जोडून काम भागते. गडचिरोलीच्या जंगलपट्टीत मात्र 'दादालोक' म्हणजे घरचे थोरले भाऊ नव्हेत. नक्षलवाद्यांविषयी नाव न घेता बोलायचा तो शब्द. गोदावरीपलीकडे तेलुगूत त्यांनाच 'अन्नलु' म्हणत: 'अन्न' म्हणजे थोरला भाऊ, 'लु' अनेकवचनाचा.

चामोर्शी तालुक्यात पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या वस्त्या आहेत. त्यांच्या बंगालीत मामाचे 'मामारा' होतात. हा 'रा' निर्जीव वस्तूला लागत नाही. आणि गंमत म्हणजे मामा एकटाच असला तरी चालतो. मामा, मामी, पोरंबाळं मिळून 'मामारा'. मराठीत त्यासाठी 'मामाकडची मंडळी' असे लांबण लावावे लागते.