गियरपेटीची कुरबुर

वाळपईच्या बाजारातून निघालेली मोटार केरीला पोहोचते आणि तेथून चोर्ल्याचा घाट चढू लागते. पावसाळ्यात या वाटेवर धुके उतरते, जांभ्याचा तांबडा चिखल चाकांना लागतो आणि बेळगावकडे जाणारी वाहने वळणावळणावर आपापल्या स्वरात कण्हू लागतात. अशा चढावर मोटारीच्या पोटातून एखादा अपरिचित आवाज उठला, म्हणजे चालकाचा जीव खालीवर होतो. त्यातून गाडी स्वयंचलित गियरची असेल, तर काळजी दुप्पट. अशी गियरपेटी उघडण्याचा खर्च साध्या गृहस्थाच्या काही महिन्यांच्या मिळकतीइतका होऊ शकतो. आणि पुष्कळदा ती उघडण्याचे कारणच नसते.

गोव्यात कुशल कारागिराला ‘मेस्त’ म्हणतात, घाटावर ‘मिस्त्री’. दोन्ही शब्द ‘मेस्त्रे’ या एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे. या मिस्त्रीमंडळींची एक पिढी उत्तरपाड्याच्या ॲम्बॅसडर आणि कुर्ल्याच्या प्रीमियर गाड्यांवर तयार झाली. लांब पेचकसाचे टोक यंत्रावर आणि मूठ कानाशी, एवढेच त्यांचे उपकरण. १८१६ साली लाएनेक या फ्रेंच वैद्याने कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून जे केले, तेच हे. साध्या गियरपेटीसाठी त्यांचा एक हमखास तोडगा होता. इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच दाबावयाचा. आवाज थांबला, तर दोष गियरपेटीच्या पुढच्या बेअरिंगचा; क्लच दाबल्यावरच सुरू झाला, तर क्लचच्या बेअरिंगचा. स्वयंचलित गाडीत क्लचची पट्टीच नाही. त्यामुळे हा तोडगा तेथे लंगडा पडला आणि अनुभवी कानही चकू लागले.

ही गियरपेटी एका दिवसात जन्मली नाही. सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी मधल्या दातेरी चक्राभोवती लहान चक्रे फिरविण्याची युक्ती फोर्डच्या १९०८ सालच्या ‘मॉडेल टी’ मोटारीत होती. १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक खपलेली ही गाडी चालकाने पायांनी पट्ट्या दाबून चालवावी लागे, आणि तिच्या पहिल्या वेगातली कण्हण प्रसिद्ध होती. दुसरा अर्धा शोध समुद्रावरचा. जर्मनीतील स्टेटिनच्या जहाजकारखान्यात हेर्मान फ्योटिंगर याने १९०५ साली एक पेटंट घेतले. वाफेची टर्बाइन फार वेगाने फिरे, जहाजाचा पंखा मात्र संथ फिरला पाहिजे; या दोहोंमध्ये दाते न घालता द्रवाच्या प्रवाहाने शक्ती पोहोचविण्याची ती योजना होती. एका पंख्याने तेल ढकलावे आणि त्या तेलाने दुसरा पंखा फिरवावा, असे तिचे सार.

ग्रहमालेसारखी चक्रे आणि तेलाचा दुवा यांचे लग्न लावले अमेरिकेतील जनरल मोटर्सने. ‘हायड्रा-मॅटिक’ नावाची चार वेगांची पेटी १९४० च्या नमुन्याच्या ओल्ड्समोबिल गाडीत ५७ डॉलर जादा देऊन मिळू लागली. युद्धकाळात तीच हलक्या रणगाड्यांत बसली. १९४८ साली ब्युइकची ‘डायनाफ्लो’ आली, तेव्हा गिऱ्हाइकांना नवा आवाज ऐकू आला: इंजिन आधी घोंघावे आणि गाडी मागाहून निघे. तो दोष नव्हता, तो त्या यंत्राचा स्वभाव होता. स्वभाव आणि आजार यांतला फरक ओळखणे, हीच या विद्येतली खरी अडचण; आणि ती तेव्हापासूनची आहे.

या पेटीचे जीवन तेलावर अवलंबून. तेच शक्ती पोहोचविते, तेच थंड करते, तेच आतील चकत्या दाबून धरते. जनरल मोटर्सने १९४९ साली ठरविलेल्या तेलात स्पर्म जातीच्या देवमाशाची चरबी मिसळलेली असे, कारण चकत्या धक्का न देता धरण्याचा गुण तिच्यात होता. १९७० नंतर अमेरिकेत या माशाला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि रसायनज्ञांना पर्याय शोधावा लागला. गियरपेटीच्या कुरबुरीमागे देवमासा असेल, हे कोणाच्या मनात आले असते?

गोमंतकात पोर्तुगीज अमदानीत मर्सिडीझ गाड्या टॅक्सी म्हणून धावत, अमेरिकन गाड्याही दिसत. १९६१ नंतर परदेशी गाड्यांची आयात आटली आणि पुढची काही दशके हातात गियरचा दांडाच राहिला. योगायोग असा की वाळपईहून साखळीकडे जाताना वाटेत होंडा नावाचा गाव लागतो. त्याच नावाच्या जपानी कंपनीने १९६८ साली आपली स्वतंत्र ‘होंडामॅटिक’ पेटी लहान गाडीत बसविली; गावाचा तिच्याशी काही संबंध नाही, हे सांगावयास नको! सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात ही सोय आली ती २०१४ साली, मारुतीच्या सेलेरिओबरोबर. तथापि त्या गाडीत तेलाचा दुवा नाही. पेटी नेहमीचीच, क्लच नेहमीचाच. फक्त तो दाबण्याचे काम यंत्र करते. त्यासाठी लागणारा तेलाचा दाब एक लहान विद्युत् पंप तयार ठेवतो, आणि म्हणून उभ्या गाडीतही क्षणभर घरघर ऐकू येते. ती ऐकून नवा मालक घाबरा होतो. घाबरण्याचे कारण नाही.

तेलाच्या दुव्याच्या पेटीत मात्र पद्धतशीर चौकशी करावी लागते. पहिला प्रश्न: आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर बदलतो की चाकांच्या? गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर दाबताच सूर चढत असेल, तर तेलाच्या पंपावर संशय घ्यावा. इंजिन फिरते तोवर हा पंप फिरतोच, आणि तेल कमी पडून त्यात हवा शिरली की तो विव्हळतो. अशा वेळी थोडे तेल घातल्याने काम भागते. पण तेल गेले कोठे, हेही पाहिलेच पाहिजे. ब्रेक दाबून गियर टाकल्यावर आवाज यावा आणि न्यूट्रलमध्ये नाहीसा व्हावा, तर तेलाच्या दुव्यातील बेअरिंग पाहावे. एखाद्याच वेगात कण्हण येते आणि पुढच्या वेगात थांबते, तर ग्रहचक्रांकडे जावे. गाडी उतारावर न्यूट्रलमध्येही गुणगुणत असेल, तर पेटीला दोष देण्याआधी चाकांची बेअरिंगे तपासावीत. (ही परीक्षा सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी थोडी घरंगळू देऊन करावी, घाटात न्यूट्रल करणे म्हणजे जिवाशी खेळ.) इंजिन आणि दुवा जोडणाऱ्या पातळ तबकडीला तडा गेला की अशी ठकठक येते की इंजिनच गेले असे वाटावे. त्यापायी चांगली इंजिने उघडली गेली आहेत. आणि कित्येकदा धुराच्या नळीवरचा पत्रा सैल होऊन खडखडतो. एक स्क्रू आवळला की संपले.

सत्तरीत आणखी एक कारण विसरता येत नाही. २०२१ च्या जुलैत म्हादईला मोठा पूर आला. अशा पाण्यात गाडी बुडाली, तर पेटीला श्वास घेण्यासाठी ठेवलेल्या छिद्रातून पाणी आत जाते आणि तांबडे तेल दुधाळ गुलाबी होते. त्या अवस्थेत इंजिन सुरू करून आवाज ऐकत बसणे म्हणजे आतील चकत्यांचा नाश. आधी तेल बदलावे.

आणि चोर्ल्यात गाडी बंदच पडली, तर? मागून आलेला ट्रकवाला दोर काढतो, माणुसकीने केरीपर्यंत ओढून नेतो. साध्या गाडीला ते चालते. स्वयंचलित गाडीत इंजिन बंद म्हणजे पंप बंद. पंप बंद म्हणजे पेटीत तेल फिरत नाही, आणि चाके मात्र आतील चक्रे फिरवीत राहतात. घाटमाथ्यावर धड असलेली पेटी पायथ्याशी पोहोचेपर्यंत जळालेली असू शकते. इंजिनाची शक्ती ज्या चाकांना मिळते ती चाके उचलून, नाहीतर सबंध गाडीच दुसऱ्या वाहनावर चढवून नेली पाहिजे, मग त्यासाठी वाळपईहून वाहन येईपर्यंत दोन तास रस्त्याकडेला थांबावे लागले तरी.