वेबसाइटच्या टेम्प्लेटमध्ये यादी मर्यादित कशी ठेवायची?

तुमच्या साइटवर २०० पोस्ट आहेत आणि होमपेजवर त्या सगळ्याच्या सगळ्या दिसतायत? मग मोबाइलवर पेज उघडायला वेळ लागणार, वाचणाऱ्याचा डेटाही जाणार. उपाय सोपा आहे: यादीला मर्यादा घाला.

वर्डप्रेस : सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' उघडा. एका पानावर जास्तीत जास्त किती पोस्ट दिसाव्यात, तो आकडा तिथे असतो. सुरुवातीला तो १० असतो, तुम्ही ५ करू शकता.

ब्लॉगर : सेटिंग्जमधल्या 'पोस्ट्स' विभागात मुख्य पानावरच्या पोस्टची संख्या ठरवता येते.

जेकिल : यात लिक्विड ही टेम्प्लेट भाषा वापरतात. यादी दाखवणाऱ्या 'फॉर' लूपच्या ओळीत 'लिमिट' हा शब्द, कोलन (:) आणि आकडा लिहायचा. (कोडमध्ये हे शब्द इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत लिहा.) जेकिल नवी पोस्ट आधी देतं, त्यामुळे लिमिट ५ म्हणजे ताज्या ५ पोस्ट. पहिली पोस्ट वर मोठी दाखवली असेल, तर 'ऑफसेट' १ द्या, म्हणजे ती खाली पुन्हा येणार नाही.

इथे बरेच जण चुकतात

१. समजा, तुम्हाला फक्त 'रेसिपी' विभागातल्या ५ पोस्ट हव्यात. लूपला लिमिट ५ दिलं आणि आत 'इफ' लावून रेसिपी निवडल्या, तर कधी दोनच दिसतील, कधी एकही नाही! कारण लूप पहिल्या ५ पोस्ट मोजून थांबतो, त्यात रेसिपी किती आहेत हे तो बघत नाही. म्हणून आधी 'व्हेअर' फिल्टरने रेसिपी वेगळ्या काढा, मग लिमिट लावा. क्रम लक्षात ठेवा: निवडा, क्रम लावा, मग कापा.

२. काही जण सीएसएस वापरून जास्तीच्या पोस्ट नुसत्या लपवतात. दिसायला यादी छोटी होते, पण लपवलेला मजकूर फोनवर डाउनलोड होतोच. डेटा काही वाचत नाही. मर्यादा टेम्प्लेटमध्येच घाला.

शेवटचं म्हणजे, यादीखाली 'सर्व पोस्ट पाहा' अशी लिंक किंवा पुढच्या पानाचं बटण नक्की द्या. नाहीतर तुमच्या जुन्या पोस्ट साइटवर असूनही कुणाला सापडणार नाहीत.