शंभर तास

सोमवार, १३ सप्टेंबर १९९९, सकाळी १०.३०. फिलाडेल्फियातल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात १८ वर्षांच्या जेसी गेल्सिंगरच्या यकृताकडे जाणाऱ्या रोहिणीत ३० मिलिलिटर द्रव हळूहळू सोडला जातो. त्यात दुबळा केलेला ॲडिनोव्हायरस आहे आणि त्या विषाणूत ओटीसी जनुकाची धड प्रत.

प्रथिनांतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचा लघवीवाटे जाणारा युरिया करणे हे यकृताचे काम. त्यातले एक विकर ओटीसी जनुक घडवतो. हा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलग्याकडे एक्स एकच. आईकडून बिघडलेली प्रत आली, की बरेचसे मुलगे जन्मानंतर काही दिवसांतच गुंगीत जातात. जेसीचा दोष मात्र वारशाने आला नव्हता. तो त्याच्या काही पेशींतच नव्याने उपजला होता. उरलेल्या चांगल्या पेशी, मोजके प्रथिन आणि रोजच्या मूठभर गोळ्या यांवर त्याचे चालले होते. या प्रयोगातून आपल्याला काही मिळणार नाही, हे त्याला ठाऊक होते. तो तान्ह्या बाळांसाठी आला होता.

सोमवार, रात्र. मळमळ, सणकून ताप. ताप येणार, हे डॉक्टरांनी धरलेलेच होते.

मंगळवार, सकाळी ६.१५. तो असंबद्ध वागतो आहे. डोळे पिवळे. कावीळ म्हणजे तांबड्या पेशी फुटत असाव्यात, आणि फुटलेल्या पेशी म्हणजे प्रथिनांचा लोंढा. नेमके तेच त्याच्या यकृताला पेलणारे नव्हते.

मंगळवार, रात्री ११.३०. अमोनिया ३९३, म्हणजे नेहमीच्या दहापट. जेसी कोमात, डायलिसिस सुरू.

बुधवार. अमोनिया उतरतो. पण आता विषाणूवर उसळलेली प्रतिकारशक्तीच शरीर जाळत सुटली आहे. फुप्फुसे ताठरतात.

गुरुवार. रक्ताला बाहेरून प्राणवायू देणारे यंत्र लावले जाते. मूत्रपिंडे थकतात.

शुक्रवार, १७ सप्टेंबर, दुपारी २.३०. मेंदू मृत झालेला असतो. वडिलांच्या संमतीने यंत्रे बंद होतात.

माझ्या मते ही उलटी मोजणी सोमवारच्या आधीच सुरू झाली होती. चौकशीत निघाले, की द्रव सोडतेवेळी जेसीचा अमोनिया प्रयोगाच्या नियमात बसत नव्हता. आधीच्या चाचण्यांत माकडे दगावल्याचा उल्लेखही संमतीपत्रात नव्हता. प्रमुख संशोधकाचा संबंधित कंपनीत आर्थिक वाटा होता, ते वेगळेच.

त्याच शहरात २०२५ मध्ये, अमोनियाचा युरिया करण्याच्याच कामातला, पण सीपीएस१ हा वेगळा जनुक आई आणि वडील दोघांकडून सदोष आलेल्या एका बाळाचा दोष खास त्याच्यासाठी बनवलेल्या जनुक-संपादनाने दुरुस्त करण्यात आला. वाहक म्हणून या वेळी विषाणू नव्हता, चरबीचे सूक्ष्म कण होते. बाळ घरी गेले.

रायपूर असो वा नागपूर, आपल्याकडे हा उपचार अजून दूर आहे. पण दोन-तीन दिवसांचे बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले, भराभर श्वास घेऊ लागले, तर जंतुसंसर्गाचे औषध चालू असतानाच रक्तातला अमोनिया तपासायला सांगा. नमुना बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. आणि बाळाच्या आईच्या माहेरी कुणी मुलगे तान्हेपणीच गेले असतील, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता ते सांगा.