तीन मैदानं, एकच भांडण

स्मरणिकेसाठी "काहीतरी ऐतिहासिक" लिहून द्या, असं सेक्रेटरींनी मला लिफ्टमध्ये गाठून सांगितलं. आपल्या सोसायटीचा इतिहास लिहावा, तर तो इतिवृत्ताच्या वह्यांत आहेच, आणि त्यातली निम्मी पानं पार्किंगवर खर्ची पडलेली आहेत. तेव्हा म्हटलं, जागेवरूनच झालेल्या एका मोठ्या भांडणाची गोष्ट सांगावी. त्या भांडणातून मुंबईला एक अख्खं स्टेडियम मिळालं.

सुरुवात करावी लागते बॉम्बे जिमखान्यापासून. भारतातला पहिला कसोटी सामना तिथे झाला, डिसेंबर 1933 मध्ये. इंग्लंडचा कप्तान डग्लस जार्डिन, आपला सी. के. नायडू. आपण नऊ विकेटनी हरलो, पण लाला अमरनाथने 118 धावा काढल्या, कसोटीतलं भारतीयाचं पहिलं शतक. प्रेक्षकांसाठी तात्पुरते मांडव ठोकले होते. आता गंमत बघा. हा जिमखाना गोऱ्यांचा. भारतीयाला तिथलं सभासदत्व नव्हतं. म्हणजे आपल्या खेळाडूने शतक ठोकायचं, पण क्लबाचा सभासद म्हणून आत जाऊन बसायचं नाही. स्वतःचं मैदान पाहिजे, ही खुमखुमी यातूनच वाढली असणार.

त्याच 1933 साली क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, म्हणजे आपला सीसीआय, स्थापन झाला. त्यामागचा खटपट्या माणूस अँथनी डिमेलो. त्या वेळी बॅकबेला समुद्र हटवून जमीन तयार केली जात होती. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्नला राजी करून क्लबाने तिथली सुमारे 90,000 चौरस यार्ड जागा साडेतेरा रुपये यार्डाने मिळवली. माझी बँकेतली सवय जात नाही, म्हणून लगेच गुणाकार केला: बारा लाख पंधरा हजार. आज त्या भागात तेवढ्या पैशात काय येईल ते वाचकांनीच ठरवावं. मे 1936 मध्ये पायाभरणी झाली आणि डिसेंबर 1937 मध्ये उद्घाटन, तेही लॉर्ड टेनिसनच्या इंग्लिश संघाबरोबरच्या सामन्याने. स्टेडियमला अर्थातच ब्रेबॉर्नसाहेबांचं नाव. भारतातलं हे पहिलं पक्कं क्रिकेट स्टेडियम.

भांडण मात्र उद्घाटनाच्या वर्षीच सुरू झालं. त्या काळी मुंबईत धर्माच्या नावाने संघ पाडून सामने होत: युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. 1937 पासून 'द रेस्ट', म्हणजे उरलेले, असा पाचवा संघ आला. आणि त्याच वर्षी हिंदू जिमखान्याने स्पर्धेतून अंग काढून घेतलं. कारण काय? नव्या स्टेडियममध्ये आपल्याला दिलेल्या जागा पुरेशा नाहीत! धर्मावरून नव्हे, खुर्च्यांवरून. ही माहिती वाचली तेव्हा मला आपली पहिली सर्वसाधारण सभा आठवली.

पुढे त्याच ब्रेबॉर्नवर आपल्या सांगलीच्या विजय हजारेंनी जे केलं, ते वाचून अजूनही अंगावर काटा येतो. डिसेंबर 1943. हजारे ख्रिश्चन, म्हणून 'द रेस्ट'कडून. समोर हिंदूंचा संघ, त्यांच्याकडून विजय मर्चंट नाबाद 250. रेस्टचा पहिला डाव 133 मध्ये आटोपलेला. दुसऱ्या डावात सगळ्या संघाच्या मिळून 387 धावा, त्यातल्या एकट्या हजारेंच्या 309. त्यांचे भाऊ विवेक यांच्याबरोबर 300 धावांची भागी झाली, त्यात विवेकचा वाटा 21. एवढं करूनही सामना हरले. या धर्मवार सामन्यांना गांधीजींचा विरोध होता, आणि 1946 नंतर ते बंद पडले ते बरंच झालं. पण तो डाव कुणाला विसरता येणार?

आम्ही तेव्हा गिरगावात चाळीत राहायचो. वडील फोर्टातल्या एका ऑफिसात कारकून. कसोटी सामना असला की दुपारच्या सुट्टीत डबा उरकून ते ब्रेबॉर्नपर्यंत चालत जायचे आणि भिंतीबाहेर उभे राहायचे. आतून गलका उठला की काय झालं ते समोरच्या पानवाल्याच्या रेडिओवर कळायचं. एकदाच त्यांनी हिंमत करून कुणाकडून तरी जास्तीचे पैसे देऊन तिकीट घेतलं. दारावर कळलं, ते आदल्या दिवसाचं आहे. आईला हे कित्येक वर्षं सांगितलं नव्हतं. आत क्लबाचे सभासद वेताच्या खुर्च्यांत बसून चहा पितात, असं ते सांगायचे. त्यात राग नसायचा, कौतुकच असायचं. माझा मात्र राग व्हायचा.

खरं भांडण होतं सीसीआय आणि बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांच्यात. सामना भरवायचा असोसिएशनने, मैदान क्लबाचं. मग तिकिटं कोणाला किती? असोसिएशनला संलग्न क्लब पुष्कळ, दादर-माटुंग्यापासून फोर्टापर्यंत. पावसाळ्यात चिखलात कांगा लीग खेळणारी, मुंबईला रणजी करंडक मिळवून देणारी पोरं तिथलीच. त्यांच्या वाट्याला मूठभर तिकिटं यायची. उलट सीसीआयचं म्हणणं, जागा आमची, बांधलं आम्ही, देखभाल आमची, सभासदांना बाजूला कसं सारणार? तेव्हा हे मला निव्वळ माजोरीपण वाटायचं. पुढे कर्ज खात्यात वीसेक वर्षं काढल्यावर वाटू लागलं की कागदोपत्री क्लबाची बाजू चुकीची नव्हती. पण कागद बरोबर असला म्हणजे न्याय झालाच असं नसतं, हेही त्याच खात्यात शिकलो.

1973 च्या इंग्लंडविरुद्धच्या कसोटीनंतर ताणलेलं तुटलं. असोसिएशनचे अध्यक्ष होते शेषराव वानखेडे, विदर्भातले राजकारणी आणि तेव्हाचे विधानसभेचे अध्यक्ष. त्यांनी ठरवलं, आपलंच स्टेडियम बांधायचं. आणि कुठे? ब्रेबॉर्नपासून एक किलोमीटरही दूर नाही, चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या मधे, लोकलच्या रुळांना लागून! लोकांनी वेड्यात काढलं. वास्तुविशारद होते शशी प्रभू, वयाने तरुण. जेमतेम तेरा महिन्यांत सुमारे 45,000 लोकांची सोय उभी राहिली. आपल्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला किती महिने लागले ते मी इथे लिहीत नाही.

पहिला कसोटी सामना जानेवारी 1975, वेस्ट इंडिजबरोबर. मालिका दोन-दोन, म्हणजे हाच सामना निकालाचा. मी नोकरीला लागून थोडीच वर्षं झाली होती. बँकेच्या टीममधला एक सहकारी शिवाजी पार्कच्या एका क्लबाकडून खेळायचा. क्लबाला मिळालेल्या तिकिटांतली दोन त्याने मला दिली. ब्रेबॉर्नच्या काळात ती मिळाली असती असं वाटत नाही.

क्लाइव्ह लॉइडने नाबाद 242 केल्या. त्याच्या द्विशतकानंतर एक पोरगा अभिनंदनाला मैदानात धावला, पोलिसांनी त्याला बदडला आणि स्टँड पेटून उठले, खेळ थांबला. त्या दिवशी आम्ही नव्हतो. आम्ही गेलो ते एकनाथ सोलकरने शतक काढलं त्या दिवशी. सोलकर म्हणजे हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, लहानपणी तिथल्या धावफलकावरचे आकडे बदलणारा. त्याचं कसोटीतलं हे एकमेव शतक. उघड्या सिमेंटच्या पायऱ्या, खाली वर्तमानपत्र, डोक्यावर ऊन. वडील पूर्ण दिवस जवळपास बोलले नाहीत. सोलकरच्या शंभर झाल्या तेव्हा ते उभे राहिले आणि बराच वेळ बसलेच नाहीत, मागच्याने ओरडून बसवलं. सामना आपण 201 धावांनी हरलो.

वानखेडे सुंदर कधीच नव्हतं. ब्रेबॉर्नचा डौल त्याला नाही, आणि स्वच्छतागृहांबद्दल न बोललेलं बरं. पण 1985 मध्ये रवी शास्त्रीचे सहा षटकार तिथेच, 1987 मध्ये गूचच्या स्वीपने रडवलं ते तिथेच, आणि 2 एप्रिल 2011 ची रात्र तर आपल्या आवारातल्या प्रत्येकाला पाठ आहे. त्या विश्वचषकासाठी स्टेडियम नव्याने बांधलं, छत आलं, बसायला नीट खुर्च्या आल्या. आसनं मात्र 33,000 च्या आसपास उरली. जागा कमी पडते म्हणून भांडून बांधलेल्या स्टेडियमची ही कथा!

वडील गेल्यानंतर त्यांचं पोस्टातलं खातं बंद करायला मी कागद काढले. पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात घडी घातलेलं एक तिकिटाचं अर्धुक होतं, जानेवारी 1975 चं. रौप्यमहोत्सवाच्या दिवशी जुन्या फोटोंबरोबर ते नोटीस बोर्डाच्या काचेत लावायला मी कमिटीकडे दिलं आहे. कार्यक्रम झाल्यावर आठवणीने परत करावं, ही विनंती.