डेन्मार्कमधील गृहतापन
थंड हवामानात घराचा अंतर्भाग उबदार राखण्याच्या व्यवस्थेस गृहतापन म्हणतात. डेन्मार्कमध्ये कचरा जाळून मिळणारी उष्णता नळांवाटे इमारतींना पुरविण्याची योजना १९०३ मध्ये फ्रेडरिक्सबर्ग येथे सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र खनिज तेल स्वस्त झाल्याने घरोघरी तेलाचे बॉयलर आले.

१९७३ च्या तेलसंकटाच्या वेळी देशाची सु. ९०% ऊर्जा आयात तेलापासून मिळत होती. तोवर खाजगी मानली जाणारी घरमालकाची निवड त्यामुळे राष्ट्रीय प्रश्न बनली. १९७९ च्या उष्णतापुरवठा कायद्याने क्षेत्रवार नियोजन नगरपालिकांकडे सोपविले. नवे घर सामूहिक उष्णतापुरवठ्यास जोडावयाचे की नैसर्गिक वायूस, हे बहुधा त्याच्या जागेवरून ठरू लागले. औष्णिक केंद्रांत वीज निर्माण होताना बरीच उष्णता वाया जाई. ती नळांवाटे घरांस पुरविणे आणि विजेने घर तापविणे टाळणे हे धोरण ठरले. म्हणून १९८८ मध्ये सामूहिक पुरवठ्याच्या क्षेत्रांतील नव्या इमारतींत विद्युत्‌तापनास मनाई झाली. २०१३ पासून नव्या इमारतींतील तेलाच्या व वायूच्या बॉयलरांवरही निर्बंध आले.

आज सु. दोनतृतीयांश घरांना सामूहिक उष्णता मिळते. पवनविद्युत् वाढल्याने विजेवरील उष्णतापंपांना उत्तेजन मिळत आहे. एके काळी निषिद्ध ठरलेली वीज अशा रीतीने, इंधनस्रोत बदलताच, पुन्हा ग्राह्य ठरली.