मोरचूद, शेवाळ आणि दवबिंदू

कीटकभक्षी वनस्पतीच्या कुंडीत बुरशी दिसली की हात सहज मोरचुदाकडे वळतो. धाराशिव जिल्ह्यात तर अधिकच. तिथल्या द्राक्षबागायतदाराला बोर्डो मिश्रण नवे नाही. पण द्राक्षवेलीला तारणारे हे औषध उमरग्यातल्या एखाद्या गच्चीवरील दवबिंदूला का मानवत नाही, हे कळण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते.

१८६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात चार्ल्स डार्विन यांना दवबिंदूच्या पानांवर असंख्य किडे चिकटलेले दिसले. त्यांनी पानांवर दूध, मांस, अंड्यातला पांढरा बलक ठेवून पाहिला. पानावरचे केसर वळले. साखर, डिंक, ऑलिव्ह तेल, इतकेच काय, चहा ठेवला तरी पान ढिम्म. नत्र असलेल्या पदार्थांना झाड प्रतिसाद देते, हा त्याचा अर्थ. १८७५ मध्ये त्यांचा ग्रंथ आला आणि १८७८ मध्ये पुत्र फ्रान्सिस यांनी दाखवले की मांस भरवलेल्या झाडांना बी अधिक धरते.

कासच्या पठारावरील सीतेची आसवे किंवा कोकणातल्या कातळसड्यांवरचा दवबिंदू याच न्यायाने जगतात. जांभ्यावर मातीचा पातळ थर, पावसात झिरपणारे पाणी आणि पोषण जवळजवळ शून्य. उमरग्याची काळी माती नेमकी याच्या उलट: बेसाल्टपासून झालेली, चुनखडीची, अल्कधर्मी. बोअरचे पाणीही बहुधा जड. त्या मातीत दवबिंदू लावणे म्हणजे उपवास करणाऱ्याला पंगतीत बसवणे.

म्हणून कुंडीत स्फॅग्नम शेवाळ भरतात. हे शेवाळ आपल्या वजनाच्या अनेक पट पाणी धरते. पाण्यातला कॅल्शियम पेशीभित्तिकेत अडकवून ते बदल्यात आम्ल सोडते आणि भोवतालच्या सूक्ष्मजीवांना सहज वाढू देत नाही. पहिल्या महायुद्धात कापूस दुर्मीळ झाला, तेव्हा स्कॉटलंडच्या दलदलींतून हेच शेवाळ गोळा करून जखमांवर बांधले गेले. कुंडीतल्या बुरशीवर हे शेवाळ इलाज आहे, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

आता मोरचूद. १८७८ च्या सुमारास केवडा रोग अमेरिकेतून फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत शिरला. १८८२ च्या ऑक्टोबरात बोर्दोचे प्राध्यापक मिलार्दे यांना मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार दिसल्या. आतल्या वेलींची पाने मात्र झडलेली. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून कडेच्या वेलींना मोरचूद आणि चुना फासलेला होता! चोरांसाठी केलेली ती युक्ती १८८५ मध्ये शास्त्र म्हणून प्रसिद्ध झाली.

पण तांबे बुरशीला मारते तसे शेवाळालाही मारते, आणि मिश्रणातला चुना आम्लता घालवतो. त्यात कॅल्शियम अडकवणारे शेवाळ तांबेही धरून ठेवते. एकदा दिलेली फवारणी सहजी धुऊन जात नाही. गंधक शेवाळाला तुलनेने सौम्य, पण चाळिशी ओलांडणाऱ्या मराठवाड्याच्या उन्हात ते पाने जाळते. वापरायचे तर थंडीतच. उरतो ट्रायकोडर्मा, बुरशीवर वाढणारी बुरशी. रोग दिसल्यावर नव्हे, लागवडीच्या वेळीच द्यावा.

शेवाळ निवडतानाही नावावर जाऊ नये. लांब तंतूंचे, फिकट, खत न मिसळलेले सुके स्फॅग्नम घ्यावे. न्यूझीलंड व चिलीतून येते ते बहुधा असे असते. कोकोपीटात क्षार राहिलेले असतात, ते नीट धुतल्याखेरीज वापरू नये. पाणी पावसाचे किंवा आरओचे. आणि हातमोजे हवेतच: १८८८ नव्हे, अगदी १९८८ मध्ये अमेरिकेत स्फॅग्नममध्ये बांधलेली रोपे हाताळणाऱ्या ८४ जणांना त्यातल्याच एका बुरशीने त्वचारोग झाला होता. किरकोळ ओरखड्यातून ती आत शिरते.